गुंडूचा वाटा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझी जीभ तिखट हाय. सासू म्हणायची, वर्षाराणी, तू बर्गरात खर्डा कशाला घालतीस? गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोल, तेवढ्यानं त्याच्या नाकातनं पाणी येतंय. आणि मी बाईमाणूसच हाय बरं का. आमच्या कोल्हापुरात बायकाबी 'आलो-गेलो'च म्हणत्यात. कुणाला हसायचं असंल तर भाईर जाऊन हसा.

राजारामपुरीत माझं बर्गरचं हॉटेल हाय. लई मोठं न्हाय. सहा टेबलं, एक तवा, एक तळणाची कढई आणि पाव भाजायला मी. नवऱ्याचं म्हणणं हुतं, मिसळ लाव, हमखास चालती. मी म्हटलं, कोल्हापुरात मिसळ लावायची म्हणजे पंचगंगेला पाणी पाजायचं. मला बर्गर लावायचाय. लावला. चालला. आता त्यो गल्ल्यावर बसतो आणि आपलीच आयडिया म्हणून गावभर सांगतो.

पण मला सांगायचंय ते सोमशेखरकाकांचं.

पैल्यांदा आलं तवा चौघं हुतं. सगळी साठीच्या पुढची. म्होरं गुंडूमामा, कळंब्याचं शेतकरी, अंगानं पैलवान, आवाज असा की माझा मिक्सर लाजंल. त्यांच्या मागनं आण्णा, एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झाल्यालं. मग आकाराम, साखर कारखान्यात जलम काढल्यालं. आणि शेवटी सोमशेखरकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावल्यालं, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळाला भस्माची बारीक रेघ. खुर्ची ओढताना आवाज हुईल म्हणून उचलून ठेवणारा माणूस. आमच्या गावात असली माणसं लई सापडत न्हाईत.

गुंडूमामा बसायच्या आधीच वरडलं, "पावणं, चार बर्गर! चारी शाकारी!"

"पावणं कुणाला म्हणताय? बाई हाय मी."

"मग पावणीबाई, चार बर्गर. आणि वाटीतनं कट द्या."

मी म्हटलं, "मामा, कट मिसळीला असतो. बर्गरला कट नसतो."

"नसंल तर करा की. कोरडं कसं गिळायचं? आमी काय कोंबड्या हाय व्हय दाणं टिपायला?"

आता ह्याला काय बोलायचं? माझ्या डब्यातली आमटी हुती, ती गरम करून दिली. गुंडूमामानं सबंध बर्गर उचलला आणि आमटीत बुडवला. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरी तोंडावर हात धरून बसल्या. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत मान वर केली न्हाय. खाऊन झाल्यावर मिशा पुसल्या आणि कुस्तीतल्या पंचागत दोन्ही हात वर केलं. "बरोबरीत सुटली!"

मला काय कळंना. मग आकारामनं सांगितलं. ह्यांचं बर्गर मंडळ हुतं. दर आईतवारी गावातलं एक हॉटेल धरायचं, तिथला बर्गर खायचा, आणि गुंडूमामानं निकाल द्यायचा. रंकाळ्यावरचा एक गाडा चितपट झालता. ताराबाई पार्कात एसीत बसून खाल्ल्याला एक तर पैल्या घासात चितपट झालता, टिक्की आतनं गार म्हणून.

"बरोबरीत?" माझं टाळकंच सरकलं. "माझ्या बर्गरात कमी काय हाय ते सांगा, न्हायतर उठू देत न्हाय."

"कमी काय न्हाय," गुंडूमामा म्हणालं. "पण पैल्या झटक्यात कुस्ती निकाली काढली तर बघणाऱ्याला मजा काय? पुढच्या आईतवारी परत धरू."

पुढच्या आईतवारी परत आलं. परत बरोबरीत. त्याच्या पुढच्या आईतवारी परत. हळूहळू मंडळानं बाकीची हॉटेलं सोडूनच दिली. त्यास्नी बसायला जागा घावली हुती, हे काय मला कळत नव्हतं व्हय? आमटी मात्र मी दर आईतवारी जास्तीची करायला लागलो.

हे मंडळ बर्गरचं कसं झालं, तेबी ऐकण्यासारखं हाय. आधी ह्यांचं रस्सा मंडळ हुतं. आमच्याकडं चार दोस्त जमलं की रस्सा मंडळ निघतं. सुट्टीच्या दिवशी कुणाच्यातरी रानात चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा हाणायचा आणि झाडाखाली पडायचं. ह्यांचं मंडळ गुंडूमामाच्या रानात, हिरीच्या कडंला भरायचं. सोमशेखरकाका लिंगायत. अंड्याला शिवत न्हाईत, मटण लांबच. तरी पंचवीसभर वर्सं त्या माणसानं एक आईतवार चुकवला न्हाय. चूल पेटवायची ह्यांनी, कांदा चिरायचा ह्यांनी, आणि बाकीची रश्श्यावर तुटून पडली की हे जरा लांब बसून दही, खर्डा आणि भाकरी खाणार.

मी एकदा इचारलं, "काका, तुम्हाला वास सोसायचा कसा?"

"वासाकडं ध्यान कुठं जायचं," ते म्हणालं. "माणसं हुती की."

मग आण्णाच्या हृदयाला स्प्रिंग बसली आणि डाक्टरनं त्यांचा रस्सा तोडला. गुंडूमामाच्या रानाचं प्लॉट पडलं, हिरीच्या जागी कुणाचातरी बंगला आला. राहिला तो घराजवळचा गोठा आणि दोन म्हशी. मंडळ मोडल्यात जमा हुतं. तवा गुंडूमामाचा नातू पृथ्वीराज त्यास्नी एकदा बर्गर खायला घेऊन गेला, आणि म्हाताऱ्यानं तिथंच ठराव मांडला. "सोम्यानं इतकी वर्सं आमच्या धुरात बसून भाकरी खाल्ली. आता राहिल्याली वर्सं आपण त्याचं खायचं. बर्गर मंडळ! सगळं शाकारी! ज्याला पटत न्हाय त्यानं घरात बसून गोळ्या खाव्यात."

काकांनी हे मला किती येळा सांगितलं असंल, मोजलं न्हाय. दर येळेला शेवट एकच. "त्या दिवशी पैल्यांदा माझ्या आणि त्यांच्या ताटात एकच हुतं बघ, वर्षा."

काका मूळचं कुरुंदवाडचं. शाहूपुरीत त्यांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान हुतं. वरच्या माळ्यावर घर, खाली दुकान. दिवसभर शेतकऱ्यांच्या गर्दीत मराठीत बोलायचं आणि जिना चढला की कानडीत. बायको शांतव्वा, तिच्या म्हायेरी सगळी कानडी. ती गेली तवा जिना चढून बोलायचं बंदच झालं. दुकानबी त्यांनी बंद केलं, गुडघं चालंनात म्हणून. "आता घरात कानडी कुणाबर बोलू?" एकदा म्हणालं. "कधी कधी कुकरबर बोलतो." आणि हसलं. मला काय हसू आलं न्हाय.

लेक शिवकुमार बंगळूरला मोठ्या कंपनीत. सून सुष्मिता, गुणाची. नात शाळेत जाती, तिचं नाव लांबलचक हाय, काका आपलं कानडीत पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत्यात. आई गेल्यावर शिवकुमार बापाला घेऊन गेलता. काही म्हयनं राहिलंबी काका तिथं, लई उंचावरच्या फ्लॅटात.

मी म्हटलं, "तिथं तर सगळी कानडीच बोलत्यात की. मग परत का आला?"

"बोलत्यात की. पण माझ्यासंगं कोण बोलतंय? पोरगं-सून सकाळी जात्यात, दिवेलागणीला येत्यात. लिफ्टात माणसं भेटत्यात, ती वर आकड्याकडं बघत असत्यात. इथं कोण तरी इचारतंय, काय सोमशेखर, जेवलास का. तिथं मला कोण शिव्यासुद्धा देत नव्हतं गं."

म्हणून परत आलं. येताना पोराला सांगितलं, कोल्हापुरात माझी माणसं हायत, आईतवारी मंडळ असतंय, मी एकटा न्हाय. शिवकुमार म्हणाला, ठीक हाय अप्पा. पण ज्या दिवशी मंडळ बंद, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार. एकट्यानं राहायचं न्हाय. काकांनी मान डोलावली. शेजाऱ्यांकडंबी त्यानं आपला नंबर देऊन ठेवला, काय जरा वेगळं दिसलं तर कळवा म्हणून. म्हणजे बघा, ह्या माणसाचं घर, गाव, जिना, कुकर, सगळं माझ्या त्या भिंतीकडच्या टेबलावर टिकून हुतं.

दर आईतवारी संध्याकाळी शिवकुमारचा व्हिडिओ यायचा. काका फोन फिरवून सगळी दाखवायचं. आण्णा नमस्कार करायचं, आकाराम चष्मा सावरायचं. आणि मग पुट्टी वरडायची, "गुंडूआजोबा, म्हस!" झालं. गुंडूमामा मान वर करून असं हंबरायचं की रस्त्यावरनं जाणारी गाडी थांबावी. ती पोरगी तिकडं हसून हसून लोळायची. मी तव्यामागनं वरडायचो, मामा, माझं गिऱ्हाईक पळंल. मामा म्हणायचं, पळू दे, म्हशीला भेणाऱ्याला काय खायला घालतीस?

मग गळती लागली. आण्णाला लेकीनं पुण्याला नेलं, दवाखाना जवळ म्हणून. आकारामचा लेक वारणानगरला लागला, तिथल्या कॉलनीत नातवंडं सांभाळायला माणूस पायजे हुतं. येतो येतो म्हणत त्यो माणूस एकदाबी आला न्हाय. ग्रुपवर तेवढं सकाळी फूल टाकायचा. राहिलं दोघं. तरी गुंडूमामा चारच बर्गर सांगायचं.

"मामा, तोंडं दोन आणि बर्गर चार?"

"मंडळाचा नियम हाय. जो आला न्हाय त्याचाबी वाटा मांडायचा. रानात हुतो तवापास्नं. वाटा मांडला की माणूस मंडळात हाय. न्हाय मांडला की गेला."

नियम मोठा, पण मांडल्यालं दोन्ही वाटं शेवटी गुंडूमामाच खायचं, ही गोष्ट वेगळी.

आणि मग गुंडूमामाच गेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला. मला चौकातल्या फ्लेक्सवरनं कळलं, फेटा बांधल्याला फोटो, हसणारा. मी गाडी बाजूला घेऊन बघतच राहिलो. हसत काय हुतं म्हातारं, निकाल न देता गेलं.

म्हटलं आता काका काय येत न्हाईत. पण आईतवारी, येळेवर, त्याच इस्त्रीच्या शर्टात आलं. भिंतीकडच्या टेबलावर बसलं. "वर्षा, चार दे."

मी दिलं. दुःखातला माणूस हाय, म्हटलं, करू दे. चार ताटं चारी बाजूला मांडून घेतली. गळ्यातलं लिंग कपाळाला लावलं आणि आपल्या ताटातलं खायला लागलं. एवढ्यात फोन वाजला. काकांनी पटकन फोन ताटांवरनं फिरवला. "हे बघ, सगळी हायत. गुंडू व्हय? गुंडू हात धुवायला गेलाय. आण्णा आलाय पुण्यासनं, त्यो भाईर फोनवर बोलतोय. आकाराम पान आणायला गेला." सगळं हसत हसत. फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता पाणी प्यालं.

पुढच्या आईतवारी तेच. त्याच्या पुढच्याबी. जाताना तीन बर्गर बांधून न्यायचं आणि कोपऱ्यावरच्या एटीएमच्या वॉचमनला द्यायचं. शेवटी माझा काय दम निघंना.

"काका, हे काय नाटक लावलंय? मेलेल्या माणसाला हात धुवायला धाडताय?"

मला वाटलं रागावतील. न्हाय रागावलं. खुर्चीतल्या खुर्चीतच जरा लहान झालं.

"शिवाला सांगितलं न्हाय मी," ते म्हणालं. "गुंडू गेला म्हटल्यावर मंडळ राहतंय कुठं? मंडळ बंद झालं की त्यो गाडी घेऊन येणार. मी शब्द दिलाय."

"मग कुणाला सांगितलंय?"

"कुणाला सांगू? आण्णाला कळलंय, त्यो फोनवर रडला, मी त्याला गप केलं, त्याच्या जिवाला बरं न्हाय. आकारामनं हात जोडल्यालं चित्र टाकलं."

"आणि तुम्ही? तुम्ही रडला कुठं?"

"घरात रडलो तर शेजारी ऐकत्यात. ती शिवाला कळवतील." हे त्यांनी अगदी हिशेबी माणसागत सांगितलं. दुकानदार माणूस, कुठं काय ठेवलं तर सापडणार न्हाय हे त्यास्नी बरोबर म्हाईत. आपला दोस्त मेल्याचं दुःख त्यांनी असं ठेवलं हुतं की कुणाच्या हाताला लागू ने. मला लई वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी भांडी आपटतो, त्या दिवशी नवऱ्यानं उगंच चार शिव्या खाल्ल्या.

पावसाळा गेला, गणपती गेलं, दिवाळी गेली. चार ताटं काय चुकली न्हाईत. पुट्टी दर आईतवारी म्हस मागायची आणि काका काय ना काय सांगायचं. गुंडूआजोबाचा घसा बसलाय. गुंडूआजोबा देवाला गेलाय. शिवकुमार मागनं बोलायचा, "जाऊ दे पुट्टी, पुढच्या आईतवारी." त्यालाबी कसं काय कळत न्हाय, असं मला वाटायचं. इतका शिकल्याला माणूस.

मग त्यो आईतवार आला. पुट्टीचा वाढदिवस हुता. हॉटेल भरल्यालं. काकांच्या शेजारच्या टेबलावर एक पावणा बसला हुता, गडहिंग्लजकडचा, ट्रॅक्टरचं सामान न्यायला आलता. दांडगा माणूस, सामानाची पिशवी मांडीवर, बर्गर दोन हातांनी धरून खात हुता. फोन वाजला. काकांनी ताटं दाखवली, वाढदिवसाचं दोन शब्द बोललं.

"अज्जा, आज म्हस पायजे," पुट्टी म्हणाली. "आज तरी पायजेच. माझा बर्थडे हाय."

"अगं, गुंडूआजोबा आत्ताच..."

"न्हाय! दर येळेला असंच करता तुम्ही. त्यास्नी बोलवा. मी थांबतो." पोरगी रडकुंडीला आली. कोल्हापुरी रक्त, ऐकणार कशाला.

काकांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी उलथनं हातात धरून तशीच उभी. तवा त्यो शेजारचा पावणा उठला. किती येळ ऐकत हुता कुणास ठाऊक. शर्टाला हात पुसला आणि म्हणाला, "द्या हिकडं. व्हिडिओ तेवढा बंद करा."

काकांनी बंद करून फोन त्याच्या हातात दिला. फोन स्पीकरवरच हुता.

"कोण, पुट्टी व्हय गं?" पावणा म्हणाला. "मी गुंडूआजोबा." आणि मान वर करून त्यो हंबरला. काय हंबरला! सगळी टेबलं वळून बघायला लागली. एकजण फोन काढून शूटिंग करायला लागला, त्याच्याकडं मी असं बघितलं की त्यानं फोन खिशात घातला.

मग पुट्टी म्हणाली, "ही म्हस वेगळी हाय."

"नवीन घेतलीया, बाळा. जुनी विकली."

"जुनी चांगली हुती," ती म्हणाली, आणि फोन ठेवून गेल्यागत पावलांचा आवाज आला.

मग शिवकुमारचा आवाज. हळू, कुणी ऐकू ने असा. त्याला वाटलं फोन पावण्याच्या कानाला हाय.

"पावणं," त्यो म्हणाला. "तुम्ही कोण हाय मला म्हाईत न्हाय. गुंडूकाका गेलं ते मला त्याच दिवशी कळलंय. त्यांच्या नातवाचा, पृथ्वीराजचा नंबर हाय माझ्याकडं, त्याचा स्टेटस बघितलाय मी. अप्पांना सांगू नगा, मला म्हाईत हाय म्हणून. त्यांचा जीव त्या टेबलावर हाय. पण पावणं, एक इनंती हाय. दर आईतवारी जरा येळ बसाल का त्यांच्याजवळ? नुसतं बसा. काय बोलायची गरज न्हाय."

पावण्याचं तोंड बघवत नव्हतं. एवढा दांडगा गडी, काकांकडं बघायला तयार न्हाय. "साहेब," त्यो म्हणाला, "मी गडहिंग्लजचा. आज आलतो, आत्ता निघालो. दर आईतवारी बसतो म्हणून खोटं कसं बोलू?"

काका समोरच बसलं हुतं. एकूण एक शब्द ऐकल्याला. मला वाटलं आता फोन फोडतील, न्हायतर उठून चालायला लागतील. त्यांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. सावकाश, खुर्ची उचलून ठेवत्यात तसा.

"शिवा."

"अप्पा? तुम्ही... ऐकलं व्हय?"

काकांनी समोरचं गुंडूमामाचं ताट जरा जवळ ओढलं. मग म्हणालं, "शिवा, गुंडू गेला रं."

आणि रडलं. तोंडावर हात न घेता, भरल्या हॉटेलात, आवाज काढून रडलं. इतकं म्हयनं जे कुठंच ठेवता येत नव्हतं ते सगळं माझ्या त्या टेबलावर आलं. पावणा उभाच हुता, त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला, मग परत ठेवला.

"म्हाईत हाय, अप्पा," शिवकुमार म्हणाला.

"तुला म्हाईत हाय रं. पण मी सांगितलं न्हवतं की. मी कुणालाच सांगितलं न्हाय."

"दर आईतवारी मी ठरवून फोन लावतो, अप्पा. आज म्हणायचं, चला, मी न्यायला येतो. आणि तुम्ही ती चार ताटं दाखवता. माझी जीभच रेटत न्हाय."

"न्हेणार हाईस मला?"

तिकडं दार लावल्याचा आवाज आला.

"न्हाय न्हेत," शिवकुमार म्हणाला. "तुम्ही म्हणाल तवाच. पण मला असं लांब ठेवू नगा, अप्पा. मीबी हिकडं एकटाच बसतो ह्या फोनपुढं."

कोपऱ्यातल्या टेबलावरनं कुणीतरी वरडलं, आमचा बर्गर कुठंय. मी म्हटलं, ज्याला घाई हाय त्यानं समोर वडापाव खावा, पैसे मी देतो.

काकांनी रुमालानं डोळं पुसलं. फोन दोन्ही हातांनी धरला.

"मीच हुतो जवळ," ते म्हणालं. हे मलाबी म्हाईत नव्हतं. "सकाळचा गेलतो त्याच्या गोठ्यात. धार काढत हुता. मला म्हणाला, सोम्या, बस, आईतवारी काय निकाल द्यायचा ते ठरवू. मी बादली उलटी करून बसलो. त्यो म्हशीला टेकला. मला वाटलं दमलाय. मी म्हटलं, गुंडू, दमलास व्हय रं..."

तिथंच थांबलं काका. फोनमधनं शिवकुमारचा आवाज आला.

"हं, अप्पा. मग?"